कवचबीज, खुरासानी ओवा, हळद: पार्किन्सन्समध्ये वनस्पतींचा खरा उपयोग किती?

पर्णिका

माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे आणि मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात वनौषधी हा विषय शिकवते. त्यामुळे नात्यात, सोसायटीत कुणाचा हात थरथरायला लागला की फोन मलाच येतो. प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो, "कवचबीज सुरू केलं तर गोळ्या बंद होतील का?" दरवेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते आहे. तुमचे अनुभव, शंका, वेगळी मतं असतील तर जरूर लिहा.

माझं मत आधीच सांगते. कवचबीज, म्हणजे आपल्या खाजकुहिलीचं बी, काम करतं. त्यात लेव्होडोपा असतो, न्यूरॉलॉजिस्ट लिहून देतात त्या गोळीत असतो तोच. आणि म्हणूनच ते परस्पर सुरू करणं मला फार धोक्याचं वाटतं. "आयुर्वेदिक आहे, घेऊन बघायला काय हरकत आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी काळजी वाटते.

या आजारात मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामाइन हे हालचालींचे संदेश पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, अनेकांना कंप सुटतो. डोपामाइन थेट तोंडाने दिलं तर ते मेंदूत पोचतच नाही. लेव्होडोपा पोचतो आणि तिथे गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं.

हे द्रव्य वनस्पतींतून हाती आलं तेव्हा त्याचं करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांमधून लेव्होडोपा वेगळा केला आणि अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिला. त्यांना जोरदार उलट्या झाल्या. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी कवचबीजातून तोच पदार्थ काढला. तोही नुसता नोंदवला गेला.

पुढची कडीही आपल्याच एका वनस्पतीची आहे. सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं झालं. हे रेसरपिन दिलेले ससे निपचित पडून राहतात, असं स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी पाहिलं. १९५७ मध्ये त्यांनी अशा सशांना डोपा टोचला आणि ससे पुन्हा हिंडू-फिरू लागले. रेसरपिनने मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा केला होता. १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन कमी असल्याचं दाखवलं, १९६१ मध्ये बिर्कमायर यांच्यासोबत शिरेतून लेव्होडोपा देऊन पाहिला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियास यांनी तोंडाने हळूहळू मात्रा वाढवत नेण्याची पद्धत बसवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. सर्पगंधेनं आजाराचं रूप उलगडायला मदत केली आणि उपचाराचं द्रव्य कवचबीजात आधीच सापडलेलं होतं. वर्गात हे शिकवताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता रुग्णांवर झालेले प्रयोग. मुंबईच्या डॉ. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कवचबीजाने केलेल्या उपचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये 'एचपी-२००' या कवचबीजाच्या भुकटीचा अनेक केंद्रांत मिळून ६० रुग्णांवर १२ आठवडे अभ्यास झाला आणि लक्षणं कमी झाली. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००४ मध्ये लंडनला अवघ्या ८ रुग्णांवर, पण नीट आंधळी चाचणी झाली, म्हणजे कुणाला कोणतं औषध दिलंय हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. ३० ग्रॅम भुकटीचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत दिसला, नेहमीच्या गोळीला ६९ मिनिटं लागली. परिणाम टिकलाही ३७ मिनिटं जास्त. बोलिव्हियात २०१७ मध्ये १८ रुग्णांवर एकेका मात्रेची चाचणी झाली, तीही आशादायक.

मग २०१८ मध्ये त्याच संशोधकांनी १४ रुग्णांना रोज, आठवडेच्या आठवडे कवचबीज दिलं. त्यातल्या ७ जणांना ते मध्येच सोडावं लागलं. चौघांना पोटाचा त्रास, तिघांची हालचाल बिघडत गेली. एका मात्रेत छान दिसणारं औषध रोजच्या आयुष्यात कसं वागतं, ते या चाचणीने दाखवलं. व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये २००४ ची चाचणी नेहमी असते. २०१८ ची मला एकदाही दिसलेली नाही.


रानवाट

उत्तम धागा. आमच्या रत्नागिरीकडे खाजकुहिली बांधावर, कुंपणावर पावसाळ्यात फोफावते. जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात, आणि थंडीत शेंगा वाळल्या की त्यांच्यावरची तपकिरी लव वाऱ्यानेसुद्धा अंगावर येते. एकदा लागली की पाण्याने धुऊन उपयोग नाही. आमच्याकडे शेण चोळतात.

हल्ली गावात काही जण बिया गोळा करून भाजून, दळून देतात. पार्किन्सन्सच्या एका आजोबांना शेजाऱ्यांनी असंच चूर्ण दिलंय. ताई, घरी केलेल्या चूर्णाचा किती डोस घ्यावा याचं काही प्रमाण आहे का?


पर्णिका

@रानवाट, घरच्या चूर्णाचं प्रमाण सांगताच येत नाही. बियांमध्ये लेव्होडोपा साधारण ४ ते ६ टक्के असतो, पण वाण, जमीन, बी किती पक्व आहे, भाजलं किती, दळून किती दिवस झाले, या सगळ्यावर तो आकडा हलतो. ५ टक्के धरले तर ५ ग्रॅमच्या एका चमच्यात २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा येतो. गोळीतल्या १०० मिलिग्रॅमच्या मानाने हा आकडा मोठा दिसतो, पण दोन्हींची थेट तुलना चालत नाही.

गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतो. लेव्होडोपाचं डोपामाइन मेंदूच्या बाहेरच होऊ नये म्हणून. कार्बिडोपा नसेल तर बहुतेक लेव्होडोपा आतड्यात आणि रक्तातच खर्ची पडतो, मळमळ होते, रक्तदाब उतरतो. म्हणून नुसतं चूर्ण घेताना गोळीच्या चार-पाच पट लेव्होडोपा लागतो. लंडनच्या चाचणीत ३० ग्रॅम भुकटीत सुमारे १००० मिलिग्रॅम होता आणि त्याची तुलना २०० मिलिग्रॅमच्या गोळीशी केली होती, ती यामुळेच.

खरा धोका याच्या पुढे आहे. जो रुग्ण आधीच गोळी घेतोय, त्याच्या शरीरात कार्बिडोपा आहेच. तो वरून चमचाभर चूर्ण घेतो तेव्हा चूर्णातल्या लेव्होडोपालाही त्या कार्बिडोपाचं संरक्षण मिळतं. म्हणजे ते चूर्ण आता कितीतरी पट जोरकस झालं, आणि डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंदच नाही. मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं, रात्री नसलेली माणसं दिसतात, उठताना तोल जातो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. गावातल्या त्या आजोबांच्या घरी एवढं तरी नक्की विचारा, की ते गोळ्याही घेतात का.


वैद्य_गोदाकाठ

नाशिकला प्रॅक्टिस करतो. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांत मी कवचबीज वापरतो, म्हणून लिहितोय.

कपिकच्छूचं, म्हणजे खाजकुहिलीचं, बी कच्चं वापरू नये. दोलायंत्रात, म्हणजे पुरचुंडीत बांधून भांड्यात लोंबती ठेवून, दुधात शिजवून, टरफल काढून, वाळवून मग चूर्ण करतात. माषबलादी क्वाथात ते उडीद, बला, रास्ना, अश्वगंधा, एरंड यांच्यासोबत येतं. आमच्याकडे एकेक द्रव्य सुटं देण्याची रीत नाही. रुग्णाचा कोठा, अग्नी, वय, बद्धकोष्ठ हे बघूनच योजना ठरते.

केरळमधला २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास धाग्यात हवा. १८ रुग्ण होते. कवचबीज, अश्वगंधा, बला आणि खुरासानी ओव्याच्या जातीतल्या वनस्पतीचं बी, हे सगळं गाईच्या दुधातून दिलं. १३ जणांना आधी शोधन (पंचकर्माने शरीरशुद्धी) आणि मग शमन (औषधाने आजार शांत करणं), ५ जणांना नुसतं शमन. शोधन झालेल्यांना कंप, मंदपणा आणि ताठरपणा यांत जास्त उतार पडला. त्या औषधाचं विश्लेषण केलं तेव्हा दर मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा निघाला. संख्या लहान आहे हे मान्य. पण पंचकर्माला थोतांड म्हणणाऱ्यांनीही तो वाचावा.

दुसरं, मी न्यूरॉलॉजिस्टच्या गोळ्या बंद करायला कधीच सांगत नाही. रुग्णाकडून त्यांचा फोन नंबर घेतो आणि बोलतो. काही जण बोलतात, काही फोन ठेवतात. ज्यांच्याशी बोलणं होतं त्यांच्या रुग्णांना सांभाळणं कितीतरी सोपं जातं.


पर्णिका

वैद्यबुवा, हा अभ्यास आणल्याबद्दल मनापासून आभार. शोधनानंतर औषध अधिक चांगलं शोषलं जात असेल, ही शक्यता मला पटण्यासारखी वाटते. पार्किन्सन्समध्ये आतडी मंदावलेली असतात आणि बद्धकोष्ठ तर कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं.

खुरासानी ओव्याबद्दल मात्र वाचकांना सांगायला हवं. त्यात हायोसायमिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं असतात. डोपामाइन कमी पडलं की मेंदूत ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा जोर वाढतो, तो ही द्रव्यं कमी करतात आणि कंप उतरतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शार्को हे मज्जातंतुतज्ज्ञ याच गटातली औषधं कंपासाठी देत. आजची ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी त्याच वाटेवरची आहे. पण सत्तरीच्या माणसाला याने लघवी अडकते, तोंड कोरडं पडतं, विसरभोळेपणा आणि भ्रम वाढतो, काचबिंदू असेल तर डोळ्यावर संकट येतं. ही फार सांभाळून, वैद्यांच्या नजरेखालीच देण्याची गोष्ट आहे.

आणि एक शंका, तुमचं मत हवंय. लेव्होडोपा आणि प्रथिनं पचून होणारी अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच वाहकावरून जातात. दुधातून कवचबीज दिलं तर दुधातल्या प्रथिनांनी त्याचं शोषण कमी नाही होणार?


वैद्य_गोदाकाठ

शंका रास्त आहे. दुधाने पोटाची जळजळ आणि मळमळ कमी होते, हा अनुपानामागचा, म्हणजे औषध कशातून द्यायचं त्यामागचा, एक भाग. काही रुग्णांत मी कोमट पाण्यातून देऊन पाहिलं, परिणाम लवकर जाणवला पण मळमळही जास्त झाली. माझा कल रुग्णागणिक ठरवण्याकडे आहे.


सॅनहोजेकर

इथे अमेरिकेत कवचबीजाच्या कॅप्सूल दुकानात सर्रास मिळतात. इथल्या एका तपासणीत, २०२२ ची आहे, अशा कॅप्सूलमध्ये दर मात्रेमागे लेव्होडोपा २ मिलिग्रॅमपासून २४१ मिलिग्रॅमपर्यंत सापडला. म्हणजे ब्रँड बदलला की डोस शंभरपट बदलू शकतो!

माझ्या आईसाठी मी बाकीही बरंच वाचलं. कोएन्झाइम क्यू-१०, ई जीवनसत्त्व, हळदीतलं कर्क्युमिन, कॉफी, ग्रीन टी. कुणी यातल्या खऱ्या-खोट्याचा निवाडा करेल का? आणि गिला मॉन्स्टर नावाच्या पालीच्या लाळेतून आलेल्या मधुमेहाच्या औषधाचं काय झालं?


निवृत्त_फिजिशियन

@सॅनहोजेकर, एकेक घेतो.

ई जीवनसत्त्व: ८०० रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत आजार लांबवण्याचा काहीही फायदा दिसला नाही. निष्कर्ष १९९३ चा आहे, तरी लोक अजून घेतात. कोएन्झाइम क्यू-१०: ६०० रुग्ण, मोठ्या मात्रा, २०१४ चा निकाल, फायदा नाही. पैसे वाचवा.

कॉफी: होनोलुलूत जपानी वंशाच्या ८,००४ पुरुषांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. कॉफी पिणाऱ्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं, हे २००० साली प्रसिद्ध झालं. पण आजार झालेल्यांना कॅफीन देऊन पाहिलं तेव्हा, २०१७ च्या चाचणीत, हालचालीत सुधारणा झाली नाही. आवडत असेल तर कॉफी प्यावी, औषध म्हणून नको.

हळद: कर्क्युमिन परीक्षानळीत आणि उंदरांत छान वागतं. माणसाच्या आतड्यातून ते जवळजवळ शोषलंच जात नाही. अश्वगंधा आणि ब्राह्मीचंही बहुतांश काम प्राण्यांवरचं आहे.

पालीच्या लाळेवरून बेतलेलं ते औषध म्हणजे एक्झेनाटाइड. २०१७ मध्ये ६२ रुग्णांच्या चाचणीने मोठी आशा लावली होती. २०२५ मध्ये १९४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. मला स्वतःला फार वाईट वाटलं. माझ्या अनेक जुन्या रुग्णांनी त्याकडे डोळे लावले होते.

आता या धाग्यात कुणी विचारलं नाही ते सांगतो, कारण माझ्या मते ते कवचबीजापेक्षा तातडीचं आहे. कंप दिसला की आधी रुग्णाच्या औषधांची पिशवी टेबलावर ओता. चक्कर येते म्हणून महिनोन्महिने चालू राहिलेली सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन, या गोळ्या डोपामाइनचं काम अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्स निर्माण करतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या बंद केल्यावर बरे झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. सर्पगंधा असलेल्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांचंही तेच. पर्णिकाताईंनी सशांचं लिहिलंच आहे.

कवचबीजाने मळमळ झाली म्हणून दुकानातून उलटीची गोळी आणणारे अनेक असतात. ती मेटोक्लोप्रामाइड निघाली तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. पार्किन्सन्समध्ये उलटीसाठी सहसा डोंपेरिडोन देतात, तेही हृदयाची तपासणी बघून.


मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा सध्या फार चालतो. काही जण त्याला मामफळ म्हणतात. कॅन्सर, मधुमेह, झोप, सगळ्यावर सांगतात. माझ्या काकांना पार्किन्सन्स आहे आणि झोपेसाठी ते हा काढा रोज घेतात. चालेल ना?


पर्णिका

@मांडवीकाठ, कृपया थांबवा. हे ठामपणे सांगते.

कॅरिबियन समुद्रात ग्वादलूप नावाचं फ्रेंच बेट आहे. तिथे नेहमीपेक्षा वेगळ्या प्रकारच्या, लेव्होडोपाला दाद न देणाऱ्या पार्किन्सन्सचे रुग्ण फार आढळत होते. १९९९ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्याचा संबंध लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेण्याशी जोडला. त्या झाडात ॲनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेला अडवतं. उंदरांना ते दिल्यावर मेंदूतल्या पेशी मेल्या. संबंध शंभर टक्के सिद्ध झालाय असं मी म्हणणार नाही, पण आधीच पार्किन्सन्स असलेल्या माणसाने रोज हा काढा घेण्याचं काहीच कारण नाही. काकांना झोप लागत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा. या आजारात झोपेच्या तक्रारी फार असतात आणि त्यांवर उपाय आहेत.

(सीताफळाचा मोसमात गर खाणाऱ्यांनी लगेच घाबरू नये. रोजचा काढा आणि अधूनमधून खाल्लेलं फळ यांत पुष्कळ अंतर आहे.)

रोटेनॉनही असंच. काही वनस्पतींच्या मुळांतून मिळणारं कीटकनाशक, पूर्ण नैसर्गिक. प्रयोगशाळेत उंदरांना पार्किन्सन्स करण्यासाठी तेच वापरतात.


अनघा_सांगली

सगळा धागा एका बैठकीत वाचला आणि हातपाय गार पडले. बाबा लेव्होडोपाची गोळी दिवसातून तीन वेळा घेतात आणि कुणीतरी दिलेलं कवचबीज चूर्ण सकाळ-संध्याकाळ चमचाभर, बऱ्याच महिन्यांपासून. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, कारण ते रागावतील असं बाबांना वाटतं. दुपारी त्यांचे खांदे आणि मान सारखी वळवळत असतात. आम्हाला वाटलं आजारच वाढतोय. आजच चूर्ण बंद करू का?


निवृत्त_फिजिशियन

अनघाताई, घाबरू नका, पण मनाने काहीही बंद करू नका. एवढे महिने शरीराला तेवढ्या लेव्होडोपाची सवय झालेली असते. तो एकदम तोडला तर अंग आखडून माणूस जागचा हलू शकत नाही. क्वचित तीव्र ताप आणि गोंधळलेपणा येऊन जिवावर बेततं. आजच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा आणि चूर्ण कसं कमी करायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. वळवळ ही लेव्होडोपा जास्त होत असल्याची खूण असू शकते, आणि तसं असेल तर मात्रा बदलून ती कमी होते. ते रागावले तरी रागावू देत. बाबांना सांगा, लपवलेल्या चमच्यामुळे डॉक्टर चुकीच्या आकड्यावर औषध बसवत आहेत.


पर्णिका

अनघाताई, चूर्णाचा डबा, चमचा आणि बाबांच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. चमचा यासाठी, की तो भरून किती ग्रॅम होतो ते तिथे मोजता येईल. एका वहीत दोन-तीन दिवस लिहा: गोळी किती वाजता, चूर्ण किती वाजता, जेवण किती वाजता, चालणं मोकळं कधी, ताठरपणा कधी, वळवळ कधी. वळवळीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात नेमकी ती दिसत नाही. रक्तवाढीसाठी लोहाची गोळी चालू असेल तर तीही सांगा, लोहाने लेव्होडोपाचं शोषण कमी होतं. सध्या डॉक्टर वेगळं सांगत नाहीत तोवर गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्या. वरण, दूध, पनीर, अंडं गोळीच्या वेळेला टेकून नको.

लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. खर्चामुळे चूर्ण सुरू केलं असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.


अनघा_सांगली

फोन केला. रागावले नाहीत. परवा सकाळची वेळ दिली आहे, चूर्ण संध्याकाळचं आधी अर्धा चमचा करायला सांगितलं, सकाळचं तसंच. वही आजपासून सुरू केली. बाबा विचारताहेत की त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन यायचं की न घेता?


निवृत्त_फिजिशियन

हे त्यांनाच विचारा. काही जण औषधाच्या असरात असताना बघतात, काही जण मुद्दाम आधीची गोळी न घेता बोलावतात. त्यांनी न घेता यायला सांगितलं तर चूर्णही घेऊ नका, गोळी खिशात ठेवा, आणि जिने असतील तर बाबांसोबत दोघं जण जा.